दहा ठोके म्हणजे शून्य

फोनच्या चकतीला लावलेलं कुलूप माझ्या पिढीतल्या पुष्कळांनी पाहिलं असेल. एका भोकात इवलंसं कुलूप अडकवलं की चकती जेमतेम हलायची, पुढे जायची नाही. आलेला फोन घेता यायचा, पण करता यायचा नाही. बिल आटोक्यात ठेवण्याचा हा वडीलधाऱ्यांचा उपाय. आमच्या दादाने त्यावर तोड काढली होती. रिसीव्हर उचलायचा आणि तो ज्या खिट्ट्यांवर विसावतो त्या बोटाने पटापट दाबायच्या. चार हवेत तर चार वेळा. मग क्षणभर थांबायचं, मग पुढचा आकडा. शून्यासाठी दहा वेळा. घाई झाली किंवा बोट अडखळलं की भलत्याच घरी फोन लागायचा; नीट जमलं की पलीकडे मित्राचा आवाज. मला ती जादू वाटायची. त्या टकटकीत जुन्या फोनचं जवळजवळ सगळं विज्ञान सामावलेलं होतं, हे मात्र बंगळुरूला राहायला आल्यावर समजलं.

चिकपेटेजवळच्या रविवारच्या जुन्या बाजारात मला एक काळा फोन मिळाला. हातात घेतला आणि त्याचं वजन आठवलं. बुडाशी आयटीआयची खूण. आपल्याकडे आयटीआय म्हटलं की औद्योगिक प्रशिक्षण संस्था डोळ्यांपुढे येते. ही आयटीआय म्हणजे इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज. स्वतंत्र भारताचा हा पहिला सार्वजनिक उद्योग, 1948 साली बंगळुरूत सुरू झालेला. लिव्हरपूलच्या ऑटोमॅटिक टेलिफोन अँड इलेक्ट्रिक कंपनीशी तंत्रज्ञानाचा करार करून इथे फोन आणि एक्स्चेंजची यंत्रं बनू लागली. के. आर. पुरमकडून जुन्या मद्रास रस्त्याने शहरात येताना कारखान्याची ती वसाहत लागते. तिचं नाव दूरवाणीनगर. आपण मराठीत दूरध्वनी म्हणतो, कन्नडमध्ये दूरवाणी. ध्वनीपेक्षा वाणी हा शब्द मला जास्त जवळचा वाटतो, कारण त्या डब्यातून वाणीच तेवढी नेमकी पोचायची.

घरी येऊन पेचकसाने फोनचं बूड उघडलं. आत काय असावं? दोन वाट्या आणि त्यांच्यामध्ये एक छोटी हातोडी, एक कंडेन्सर, तारेचं एक वेटोळं, स्प्रिंगच्या काही पट्ट्या आणि चकतीची यंत्रणा. ट्रान्झिस्टर नाही, बॅटरी नाही, घरातल्या विजेशी जोडणारी वायर नाही. सगळी अक्कल आणि सगळी वीज एक्स्चेंजमध्ये. तिथल्या मोठ्या बॅटऱ्यांची साधारण 48 व्होल्टची वीज तांब्याच्या दोन तारांवरून घरापर्यंत यायची. म्हणूनच दिवे गेले तरी फोन चालायचा. पावसाळ्याच्या रात्री सगळी गल्ली अंधारात असताना मेणबत्तीच्या उजेडात नंबर फिरवलेला अनेकांना आठवत असेल.

रिसीव्हर जागेवर असताना त्या दोन तारांमधलं वर्तुळ तुटलेलं असतं. उचलला की वर्तुळ पूर्ण होतं, काही मिलिअँपिअर प्रवाह वाहू लागतो, त्यावरून एक्स्चेंजला कळतं की या घरात कुणाला बोलायचं आहे, आणि कानात डायल टोनची घरघर सुरू होते. आता चकती फिरवा. बोटाने आपण फक्त स्प्रिंगला चावी देतो. आकडा जातो तो चकती परत येताना. परतीच्या वाटेवर ती प्रवाह तोडते, जोडते, तोडते, जोडते. सेकंदाला 10 वेळा. चारासाठी चार ठोके, नवासाठी नऊ, शून्यासाठी पूर्ण दहा. बोट हळू फिरवा की जोरात, परतीचा वेग तोच, कारण आत एक चिमुकला नियंत्रक गरगरत असतो. त्याची वजनं वेग वाढला की बाहेर फाकतात आणि घासून वेगाला लगाम घालतात. पोलिसांचा 100 फिरवायला एकवीस ठोके लागत. दादा खिट्ट्या दाबून चकतीचंच काम बोटाने करत होता.

हे ठोके एक्स्चेंजमध्ये मोजायला कुणी बसलेलं नसे आणि संगणक तर नव्हताच. अल्मन स्ट्राउजर हा अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीचा गृहस्थ. धंदा अंत्यविधीचा. ऑपरेटर आपल्याला आलेले फोन प्रतिस्पर्ध्याकडे वळवते असा त्याला संशय आला, असं सांगतात. ऑपरेटरच नको, या जिद्दीने त्याने जे यंत्र रचलं त्याचं पेटंट 1891 चं. बंगळुरूच्या कारखान्यातही पुढे त्याच घराण्यातली एक्स्चेंज बनली. यंत्राचा गाभा म्हणजे धातूचा एक दांडा. समजा, नंबराचे शेवटचे दोन आकडे 64 आहेत. सहाच्या प्रत्येक ठोक्याला दांडा एक पायरी वर चढतो, सहाव्या मजल्यावर थांबतो. मग चाराच्या प्रत्येक ठोक्याला एक घर आडवा सरकतो. दहा मजले, प्रत्येकावर दहा घरं, म्हणजे शंभर नंबर. आधीच्या आकड्यांसाठी असेच दांडे, एकापुढे एक. बंगळुरूतल्या जयनगरच्या घरात वळलेलं बोट एक्स्चेंजमध्ये खरोखरची हालचाल होऊन उमटत होतं. आपण पाठवत होतो ते आपल्या बोटाचं चालणं, या कल्पनेने मी आजही थक्क होतो.

घंटीची गोष्ट वेगळी. तिच्यासाठी एक्स्चेंज साधारण 75 व्होल्टची उलटसुलट वाहणारी वीज पाठवायचं. कंडेन्सर सरळ वाहणारी वीज अडवतो, उलटसुलट वाहणारी जाऊ देतो. त्यामुळे रिसीव्हर जागेवर असताना बॅटरीचा प्रवाह अडून राही, पण घंटी खणखणीत वाजे. लाइनमनच्या बोटांत दोन्ही तारा असताना नेमका कुणाचा फोन आला, तर त्याला चांगलाच झटका बसे. 0.4 सेकंद वाजायचं, 0.2 सेकंद थांबायचं, पुन्हा 0.4 सेकंद वाजायचं, मग 2 सेकंद शांतता, ही लय ब्रिटिश पद्धतीची. अमेरिकेत एकच लांब घंटी वाजे. आपल्याकडे ब्रिटिश लय होती; आपण 'ट्रिंग ट्रिंग' असं दोनदा म्हणतो ते म्हणूनच. ही घंटी अख्ख्या वाड्याला ऐकू जायची आणि जायलाच हवी होती, कारण अनेकांच्या नंबरापुढे 'पीपी' लिहिलेलं असे. फोन शेजाऱ्यांचा, निरोप आपला.

आवाज पोचवणारी वस्तू सर्वांत साधी. तोंडाशी धरायच्या भागात कोळशाच्या बारीक कणांची डबी असते. बोललं की पडदा थरथरतो, कण दाबले जातात, सैल होतात. दाबले की वीज सहज वाहते, सैल झाले की कमी. म्हणजे माणसाचा क्षीण आवाज एक्स्चेंजच्या बॅटरीला लगाम घालतो आणि त्या बॅटरीचं बळ घेऊन पुढे जातो. दमट हवेने, वापराने हे कण चिकटून बसत. मग "आवाज येत नाहीये" म्हणत रिसीव्हर तळहातावर आपटायचा. आपटणारा वैतागलेला असे, पण उपाय अचूक होता: कण मोकळे होत.

तारेवरून जायचा तो आवाजाचा मधला पट्टा, सुमारे 300 ते 3400 हर्ट्झ. बोलणं कळायला तेवढा पुरतो. पण 'स' आणि 'फ' यांच्यातला फरक बराचसा या पट्ट्याच्या वर असतो, आणि तेवढा भाग कापला जाई. सणस म्हणालात की फणस, हे फोनवर पुन्हा विचारावं लागे ते कानाच्या दोषामुळे नव्हे. बेळगावच्या मामांना ट्रंक कॉल लावल्यावर बाबा इतके ओरडत की शेजारी खिडकीशी येत. त्याचंही कारण आहे. समोरचा आवाज क्षीण आला की माणूस नकळत स्वतःचा चढवतो. फोनमधलं ते तारेचं वेटोळं आपला स्वतःचा आवाज आपल्या कानात थोडासा येऊ देतं. अजिबात आला नाही तर लाइन मेल्यासारखी वाटते, जास्त आला तर माणूस कुजबुजू लागतो.

मामांकडे जाताना वाटेत कित्तूर लागायचं. राणी चन्नम्मांचं कित्तूर, बेळगाव जिल्ह्यातलं. 1984 साली सी-डॉट ही दूरसंचार तंत्रज्ञानाची संस्था स्थापन झाली. दोनच वर्षांनी, 1986 च्या जुलैमध्ये, तिने बनवलेलं 128 पोर्टचं ग्रामीण एक्स्चेंज पहिल्यांदा कित्तूरला बसलं. वातानुकूलन नाही, आजूबाजूला धूळ, ऊन. ते सोसून चालेल असंच ते घडवलेलं. चढणारे दांडे गेले. आवाजाचे सेकंदाला 8000 नमुने घेऊन त्यांचे आकडे होऊ लागले. घरातला चकतीचा फोन मात्र तिथेही चालला असता, कारण ठोके मोजणं नव्या यंत्रालाही येत होतं. जुनं उपकरण टाकून न देता त्यामागची सगळी व्यवस्था बदलता येते, याचं इतकं सुंदर उदाहरण मला दुसरं ठाऊक नाही. आज तांब्याच्या जागी काचेचा तंतू येतो, पण त्यातून वीज येत नाही. दिवे गेले आणि घरात दुसरी सोय नसली की घरचा फोनही गेला. त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पुढच्या एका रविवारी तसाच दुसरा फोन मिळाला. दोन्ही फोन आणि 9 व्होल्टची एक बॅटरी तारेने एकाच वर्तुळात जोडली. पुतणी आतल्या खोलीत गेली, मी दिवाणखान्यात. तिचा आवाज आला, थोडा नाकातला, थोडा दूरचा, पण तिचाच. "काका, मी आकडा फिरवते, तुम्ही ओळखा," ती म्हणाली. चकती फिरत असताना फिरवणाऱ्याच्या कानाला त्रास नको म्हणून तिचा रिसीव्हर आपोआप गप्प होतो. माझ्या कानात मात्र स्पष्ट टकटक येऊ लागली. मी मोजत राहिलो.

"सात."

"बरोबर. आता हा?"

ठोके सुरू झाले. आठ, नऊ, दहा.

"शून्य," मी म्हणालो.