मत्स्यपेटीचें पाणीपालट

घरांत कांचेची पेटी ठेवून तींत शोभेचे मासे पाळण्याची हौस पुष्कळांस असते. परंतु हे मासे मरतात ते उपासमारीनें नव्हेत. खाणें बहुधा जरा अधिकच पडतें. ते मरतात ते पाण्यापायीं. पाणी बदलावयाचें म्हणजे बादल्या वाहणें, फरशी भिजविणें आणि रविवारची सकाळ खर्चीं घालणें, अशी समजूत असल्यामुळें हें काम आज नको उद्यां करीत महिनोन्‌महिने लांबणीवर पडतें. मग एखाद्या सुटीच्या दिवशीं घरांतील सारीं माणसें कंबर कसतात, पेटी उपसतात, वाळू नळाखालीं खळखळून धुतात आणि नितळ पाणी भरून मोठ्या समाधानानें तिच्याकडे पाहत बसतात. दुसऱ्या दिवशीं सकाळीं दोन-तीन मासे उलटे तरंगत असतात.

इतकें स्वच्छ पाणी दिल्यावर मासे मेले कसे, याचें उत्तर पाणी बिघडण्याच्या रीतींतच आहे. माशांच्या कल्ल्यांतून व विष्ठेंतून, तसेंच उरलेल्या अन्नांतून अमोनिया उत्पन्न होतो, आणि तो माशांस विषारी असतो. वाळूवर व गाळणीच्या स्पंजांत राहणारे सूक्ष्म जंतु त्याचें प्रथम नायट्राइट करतात, तेंहि विषारीच. आणि दुसरे जंतु त्याचें नायट्रेट करतात. नायट्रेट त्या मानानें सौम्य, पण तें आपण होऊन कोठें जात नाहीं. शिवाय या क्रियेंत आम्ल तयार होतें, आणि त्याचा परिहार करणारे पाण्यांतील कार्बोनेट क्षार हळूहळू खर्चीं पडतात. पाणी आम्लधर्मी झालें कीं जंतूंचें काम मंदावतें व अमोनिया सांठूं लागतो. मात्र अशा पाण्यांत तो बव्हंशीं अमोनियम या निरुपद्रवी रूपांत असल्यामुळें मासे कसेबसे तग धरतात.

आतां या पेटींतील निम्मेंपाऊण पाणी काढून तेथें ताजें पाणी एकदम ओतलें तर काय होईल? दख्खनच्या काळ्या खडकांतून आलेलें पाणी बहुधा जड व अल्कधर्मी. तें मिसळतांच उरलेल्या अमोनियमचा पुन्हां विषारी अमोनिया होतो. पेटी पार तळापर्यंत उपसली तर हें संकट टळतें खरें, परंतु नळाच्या पाण्यांतील क्लोरिननें वाळूवरचे उपकारक जंतु धुवून जातात आणि पुढील कांहीं दिवस अमोनिया आवरावयास कोणी उरत नाहीं. आळसानंतरची ही धडाडी आळसापेक्षां महाग पडते.

वरून तांब्याभर पाणी घालून पातळी राखणें म्हणजेहि पाणी बदलणें नव्हे. वाफ होऊन जातें तें निव्वळ पाणी. क्षार आणि नायट्रेट मागेंच राहतात. याउलट थोडें पाणी नियमानें बदलण्याचा गुण साध्या हिशेबानें दिसतो. आठवड्यास एक माप नायट्रेट उत्पन्न होतें असें धरा. दर आठवड्यास चौथाई पाणी बदललें, तर नायट्रेट चार मापांच्या वर जात नाहीं; दहावा हिस्सा बदललें, तर दहा मापांवर थांबतें. मुळींच न बदलल्यास थांबण्याचें ठिकाणच नाहीं.

तेव्हां प्रश्न उरतो तो कष्टाचा. येथें 1490 च्या सुमारास वसलेल्या आणि 2024 मध्यें अहिल्यानगर हें नांव मिळालेल्या अहमदनगर शहराची आठवण उपयोगी पडते. निजामशाहीच्या काळीं कापूरवाडी, शेंडी, भिंगार इत्यादि गांवांकडील पाणी जमिनीखालून खापरी नळांनीं शहरांत आणलेलें होतें. फराहबागेचा महाल तर तलावाच्या मधोमध उभा केलेला. हें सारें पाणी चाललें तें उतारानें. उगम उंच, मुक्काम खालीं, एवढेंच त्याचें रहस्य. घरांतील पेटीस तेंच करावयाचें आहे.

60 सेंटिमीटर लांब व 30 रुंद अशा पेटींत 28 सेंटिमीटर पाणी असलें तर तें सुमारें 50 लिटर होतें. त्याची चौथाई म्हणजे साडेबारा लिटर, अथवा उंचीनें 7 सेंटिमीटर. पाणी काढण्यासाठीं एक लवचिक नळी घ्यावी. तिचें आंतील तोंड तळाशीं गाळापर्यंत पोंचावें व त्यास जाळीचा तुकडा बांधावा. नळीचा जो भाग पेटींत उभा राहतो, त्यास पृष्ठभागाखालीं बरोबर 7 सेंटिमीटरवर पेन्सिलीच्या जाडीचें एक भोंक पाडावें. दुसरें टोंक खिडकींतून बाहेर, पेटीहून खालच्या पातळीवर सोडावें. मधला भाग चौकटीवरून थोडा चढला तरी हरकत नाहीं. नळी पाण्यानें भरून घ्यावी, भोंक व दोन्ही तोंडें दाबून धरावीं, आंतील तोंड व भोंक पाण्याखालीं गेलें कीं सारीं सोडावीं. वक्रनलिका वाहूं लागते. पातळी भोंकापाशीं उतरली कीं हवा आंत शिरते आणि प्रवाह आपोआप तुटतो. पहारा करीत बसण्याचें कारण नाहीं. पेटींतील विजेचीं उपकरणें मात्र तेवढा वेळ बंद ठेवावीं.

भरण्याची व्यवस्था याहून सोपी. पेटीच्या वर मजबूत फळीवर तोटी बसविलेला, रुंद तोंडाचा प्लॅस्टिकचा डबा ठेवावा व त्यावर साडेबारा लिटरची खूण करावी. नळास रबरी नळी लावून आदल्या दिवशींच तो खुणेपर्यंत भरावा. म्हणजे पाणी उचलावें लागत नाहीं, रात्रींतून क्लोरिन बराचसा उडून जातो आणि पाणी खोलीच्या उष्णतेवर येतें. घाई असल्यास मत्स्यविक्रेत्यांकडे मिळणारे हायपोचे खडे, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, ठराविक मात्रेंत वापरावेत. तोटी इतकीच उघडावी कीं डबा रिकामा होण्यास तासभर लागावा. जितकें पाणी गेलें तितकेंच डब्यांत असल्यामुळें पेटी ओसंडण्याची भीति नाहीं. गच्चीवरील टांकीची नळी परस्पर पेटींत सोडण्याचा मोह कित्येकांस होतो. वैशाखांतल्या दुपारीं त्या टांकींतील पाण्यांत हात घालून पाहिल्यास तो मोह उतरेल.

जिल्ह्याचा बराचसा भाग अवर्षणाचा, शहर मुळा धरणाच्या पाण्यावर अवलंबून. तेव्हां माशांसाठीं पाणी फेंकणें कोणाच्याहि मनास खटकेल, आणि खटकावेंच. याच जिल्ह्यांतील हिवरे बाजार गांवीं पावसाचें माप घेऊन दरवर्षीं पाण्याचा ताळेबंद मांडतात. त्या दृष्टीनें पाहतां या पेटीचा वर्षाचा खर्च सुमारें 650 लिटर होतो. परंतु तें पाणी फेंकावयाचें नसून खिडकीखालच्या मोगऱ्यास, कढीपत्त्यास वा तुळशीस द्यावयाचें आहे. झाडांस तसेंहि पाणी घालावें लागतेंच, आणि माशांस नकोसें झालेलें नायट्रेट झाडांचें खत आहे. औषधाकरितां वा अन्य कारणानें पेटींत मीठ घातलें असेल, त्या आठवड्याचें पाणी मात्र कुंड्यांस देऊं नये.

ज्यांची पेटी वर्षभर तशीच राहिली आहे, त्यांनीं ही व्यवस्था बसवितांच चौथाईनें आरंभ करूं नये. पहिले तीन-चार आठवडे दोन दिवसांआड दोन-तीन लिटरच बदलावें, आणि स्पंज धुवावयाचा झाल्यास तो पेटींतून काढलेल्या पाण्यांतच पिळावा.