मोदकासारखी गुबगुबीत अक्षरं आणि आपलं लेबल



गेल्या उन्हाळ्यात आमच्या गटाने बटाटा पापडाची 500 लेबलं छापून घेतली. अक्षरं अशी गुबगुबीत, की बघणाऱ्याला हसूच यावं. आम्ही खूश! पण प्रदर्शनात एका ताईंनी पुडा हातात घेतला, उलटसुलट केला आणि विचारलं, "हे 'वटाटा' काय असतं? आणि तारीख कुठे आहे?" तारीख होती, पण तीही त्याच जाड अक्षरांत, इवलीशी. नुसता काळा डाग दिसत होता. ताईंनी पुडा परत ठेवला. खाण्याची वस्तू कधी केली तेच कळेना, तर कोण घेणार? पापड चांगले होते, लेबल फसलं होतं.

दोष अक्षरांचा नव्हता, आमचा होता. म्हणून आज या अक्षरांबद्दलच बोलू या.

संगणकावरच्या अक्षरांच्या एका वळणाला फॉन्ट म्हणतात. आम्ही वापरलेल्या फॉन्टचं नाव आहे 'मोदक'. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेने तो तयार केला. त्यातली देवनागरी अक्षरं सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांची. सुरुवात झाली ती हाताने रेखाटलेल्या अक्षरांपासून. मग त्यावरून सगळी बाराखडी, जोडाक्षरं आणि इंग्रजी अक्षरंही तयार झाली. नाव अगदी शोभतं. सारण ठासून भरलेल्या मोदकासारखं प्रत्येक अक्षर फुगलेलं, एकमेकांना खेटून बसलेलं.

आता गंमत बघा. अक्षर ओळखू येतं ते शाईमुळे, तसंच शाईच्या मधल्या मोकळ्या जागेमुळेही. 'व' आणि 'ब' यांत फरक किती? पोटातल्या एका तिरक्या रेघेचा. 'प' आणि 'ष' यांचंही तसंच. मोदक फॉन्टमध्ये पोटातली ही मोकळी जागा केसाएवढी बारीक ठेवली आहे. अक्षर मोठं असलं की ती दिसते आणि छान दिसते. अक्षर लहान केलं, साध्या कागदावर छापलं, शाई जरा पसरली, की ती जागा बुजते. मग 'ब'चा 'व' होतो. आमच्या बटाट्याचं असंच झालं.

अशा फॉन्टला शोभेचा फॉन्ट म्हणू या. तो पैठणीसारखा आहे. लग्नात नेसावी, शेतात निंदायला जाताना नाही.

मग मोदक कुठे वापरायचा? पदार्थाच्या नावाला. स्टॉलच्या फलकावर गटाच्या नावाला. बालवाडीच्या कार्यक्रमाला, गणपतीतल्या खाऊच्या डब्यांना. शब्द दोन-तीनच ठेवा आणि मोठे ठेवा. फिक्या रंगावर गडद अक्षरं घ्या. अक्षरांना सावली किंवा दुहेरी कडा लावायला सांगू नका. आधीच खेटलेली अक्षरं आणखी गिचमिड होतात.

कुठे नाही वापरायचा? घटक पदार्थ, वजन, किंमत, बॅच नंबर, तयार केल्याची आणि वापरण्याची अंतिम तारीख, पत्ता, एफएसएसएआयचा 14 अंकी नंबर, या कशालाच नाही. त्यासाठी साधा, सुटसुटीत फॉन्ट हवा. 'मुक्ता' हा त्याच संस्थेचा फॉन्ट या कामाला चांगला आहे. आणखी एक लक्षात ठेवा. खाद्यपदार्थाच्या लेबलावरची ही सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा हिंदीत असावी लागते; मराठी त्याच्या जोडीला खुशाल द्या. आणि हो, सभेची नोटीस किंवा श्रद्धांजलीचा फलक मोदकमध्ये करू नका. दुःखाच्या बातमीला हसरी अक्षरं बरी दिसत नाहीत.

आता पैशांचं. मोदक आणि मुक्ता, दोन्ही फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतात. त्यांचा परवाना खुला आहे. विकायच्या मालावर वापरले तरी कुणाला पैसे द्यावे लागत नाहीत. छपाईवाल्याने फॉन्टचे वेगळे पैसे मागितले तर हे त्याला सांगा. दोन्ही युनिकोड फॉन्ट आहेत. म्हणजे आपण मोबाइलवर मराठीत मजकूर लिहून पाठवला, तर तो तसाच त्यात बसतो. पुन्हा टाइप करायला नको, म्हणजे नव्या चुकाही नकोत.

शेवटी, आम्ही 500 लेबलं वाया घालवून शिकलो ती गोष्ट. आधी एकच लेबल छापून घ्या, खऱ्या मापाचं, खऱ्या कागदावर. मोबाइलवर मोठं करून बघू नका, तिथे सगळंच छान दिसतं. ते पुड्याला चिकटवा आणि गटातल्या सगळ्यांत वयस्कर मावशींच्या हातात द्या. त्यांना पदार्थाचं नाव हातभर अंतरावरून वाचता आलं आणि तारीख न विचारता सापडली, तरच बाकीची छापा.

आमच्या नव्या लेबलावर 'बटाटा' तेवढा मोदकमध्ये आहे, बाकी सगळं मुक्तामध्ये. आता कुणी 'वटाटा' म्हणत नाही. पुढच्या बैठकीला तुमचं लेबल घेऊन बसा आणि मावशींना वाचायला द्या. त्या अडखळतील तिथे खूण करा. गिऱ्हाईकही तिथेच अडखळणार.