बेस गिटारचा सेल आणि आमचा उतावळा न्याय

१३ एप्रिल २०२४ ची रात्र. विहारासमोरचा मांडव माणसांनी भरलेला. रात्री बारा वाजता बाबासाहेबांना अभिवादन करायचे आणि तोपर्यंत वस्तीतल्याच मुलामुलींच्या ऑर्केस्ट्राची भीमगीते ऐकायची, हा आमचा दरवर्षीचा रिवाज. चौथे गाणे रंगात आले आणि बेस गिटारचा आवाज फाटू लागला. आधी नुसती खरखर, मग जोराच्या प्रत्येक सुराला भसाडा आवाज, आणि पाचव्या गाण्यात ती पार मुकी झाली. ढोलकी आणि कीबोर्डवर मुलांनी कार्यक्रम निभावून नेला. पण मांडवात कुजबुज व्हायची ती झालीच.

बेस वाजवणारा मुलगा बावीस वर्षांचा. दिवसभर कुरिअरची पाकिटे वाटतो आणि रात्री सराव करतो. ती जुनी गिटार त्याच्या आईने महिला बचत गटाचे कर्ज काढून घेऊन दिलेली. मंडळाचा खजिनदार या नात्याने मी त्याला सर्वांदेखत बोललो, "वाद्य सांभाळता येत नसेल तर विकून टाक. पुढच्या वर्षी तयार ट्रॅकवर गाणी म्हणू." तो एवढेच म्हणाला, "काका, काल रात्री तर नीट वाजत होती." मी ऐकून घेतले नाही. पुढचे दोन रविवार तो वंदनेला आला नाही.

तिसऱ्या रविवारी वस्तीतले एक उपासक, जे टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचे काम करतात, त्यांनी ती गिटार मागून घेतली. पाठीमागचे छोटे झाकण उघडले. आत नऊ व्होल्टचा चौकोनी सेल होता. त्यांनी मीटर लावला, सेल संपलेला. नवा सेल घातला आणि गिटार पूर्वीसारखी घुमू लागली. मुलाचा हात चुकला नव्हता, वाद्यही बिघडले नव्हते. आमचे अज्ञान नडले होते.

हे अज्ञान इतरांना नडू नये म्हणून हा लेख. आता वस्तीवस्तीत मुलांचे संच आहेत आणि त्यांत बेस गिटार असते. पण तिच्या पोटात सेल असतो, हे घरच्यांना बहुधा ठाऊक नसते.

विजेच्या गिटारमध्ये तारांखाली 'पिकअप' असतो, म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. पोलादी तार थरथरली की त्या वेढ्यांत किंचित वीज निर्माण होते. तीच वायरमधून अँप्लिफायरला जाते. १९५१ साली लिओ फेंडर यांच्या कारखान्याने 'प्रिसिजन बेस' बाजारात आणली, ती अशीच होती. तिला सेल लागत नाही. अशा गिटारला 'पॅसिव्ह' म्हणतात. तिच्या बटणांनी आवाजाचा खर्जपणा किंवा धार कमी करता येते, वाढवता येत नाही. शिवाय लांब वायरमध्ये आवाजाची धार बोथट होते.

यावर उपाय म्हणून गिटारच्या आतच 'प्रीअँप' नावाचे छोटे सर्किट बसवण्यात आले. १९७६ साली आलेल्या म्युझिक मॅन कंपनीच्या 'स्टिंगरे' बेसने हा प्रकार सर्वदूर नेला. या 'अॅक्टिव्ह' गिटारमध्ये खर्जही वाढवता येतो, धारही वाढवता येते आणि लांब वायरनेही आवाज मरत नाही. मात्र त्या सर्किटला वीज हवी. ती हा सेल पुरवतो. काही गिटारमध्ये दोन सेल जोडून अठरा व्होल्ट दिलेले असतात. पण बनवणाऱ्याने तसे सांगितले असेल तरच. नऊच्या सर्किटला अठरा देऊन ते जाळून घेऊ नये.

आता खरी मेख ऐका. अशा बहुतेक गिटारना चालू-बंदचे वेगळे बटण नसते. वायरची पिन गिटारमध्ये घातली की आतल्या आत सेलचे मंडल पूर्ण होते. पिन म्हणजेच बटण! अँप्लिफायर बंद असो, गिटारचा आवाज शून्यावर असो, पिन आत आहे तोवर सेल खर्च होतच राहतो.

माझी हयात जमाखर्च लिहिण्यात गेली, म्हणून मी त्याचाही हिशेब मांडला. आमच्या गिटारचे सर्किट सव्वा मिलिअँपिअर वीज घेते, असे मीटरने दाखवले. साध्या सेलची शिल्लक सुमारे चारशे मिलिअँपिअर-तास धरली, तर तो ३२० तास पुरतो. म्हणजे तेरा दिवस आणि वर आठ तास. मुलांनी नवा सेल घातला ३१ मार्चच्या संध्याकाळी. रोज दोन तास सराव झाला आणि गिटार वायरसकट विहाराच्या खोलीत टांगलेली राहिली. १३ एप्रिलच्या रात्री बरोबर तेरा दिवस भरले! पिन रोज काढली असती, तर तेवढीच शिल्लक रोज दोन तासांप्रमाणे १६० दिवस पुरली असती. हिशेब ढोबळ आहे, पण धडा स्वच्छ आहे.

तेव्हा सराव संपला की पिन गिटारमधून काढावी. आवाज फाटू लागला, दबू लागला की आधी सेल पाहावा. मीटरवर नवा सेल नऊपेक्षा थोडा जास्त दाखवतो. साताच्या आसपास आला की बदलावा. कार्यक्रमाच्या दिवशी नवा सेल घालावा आणि एक खिशात ठेवावा. पण किल्ल्या किंवा नाणी असलेल्या खिशात मोकळा ठेवू नये. दोन्ही टोके एकमेकांना जोडली गेली तर सेल तापतो, आगही लागू शकते. टोकांवर चिकटपट्टी लावावी आणि लहान मुलांपासून दूर ठेवावा. पुन्हा चार्ज होणारे सेल चालतात, मात्र ते कार्यक्रमाआधी भरून घ्यावेत. त्यांतले लिथियमचे सेल शेवटपर्यंत ठणठणीत वाजतात आणि कसलीही सूचना न देता एकदम बंद पडतात, हे ध्यानात ठेवावे.

एक गोष्ट विशेष करून आई-वडिलांना सांगायची आहे. सेलचा खर्च वाचावा म्हणून कुणी म्हणेल, "मोबाइलचा किंवा जुना अडॅप्टर कापून गिटारला जोडू." कृपा करून तसे करू देऊ नका. अशा जोडणीने घरघर येते हे सोडाच, पण स्वस्तातला अडॅप्टर आतून फुटला तर मुख्य लाइनची वीज थेट तारांवर येऊ शकते. मुलाची बोटे तारांवर आणि ओठ माइकजवळ असतात. सेल जोडलेला असला तरी धोका पूर्ण टळत नाही, कारण गिटार वायरने अँप्लिफायरला जोडलेलीच असते. म्हणून तीन पिनांचा प्लग मोडून दोन पिनांवर चालवू नये. मंचावरची सारी यंत्रे अर्थिंग असलेल्या एकाच बोर्डावरून चालवावीत आणि त्या बोर्डाला तीस मिलिअँपिअरचा ईएलसीबी बसवून घ्यावा. माइकला हात लावताच मुंग्या आल्या तर गाणे तिथेच थांबवावे. वर्गणीच्या हिशेबात फुलांच्या आधी हा खर्च धरावा.

गाणे ही आपल्या चळवळीची हौस नव्हे, हत्यार आहे. १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांच्या जलशाने, आणि पुढे वामनदादा कर्डक (१९२२-२००४) यांनी गावोगाव फिरून, ज्यांना अक्षर येत नव्हते त्यांच्यापर्यंत बाबासाहेबांचा विचार पोहोचवला. आज वाद्ये बदलली. जी मुले दमूनभागून येऊन ती वाजवतात, त्यांना मान देणे आपले काम आहे.

कुणी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः तपासा, असे तथागतांनी कालामांना सांगितले. मी मात्र तपास न करताच निकाल दिला होता. पुढच्या रविवारी वंदना झाल्यावर मी सर्वांसमोर त्या मुलाची माफी मागितली. सर्वांदेखत बोललो होतो, म्हणून माफीही सर्वांदेखत. त्याची आई मागे बसली होती. तिने पदराने डोळे पुसले. मुलगा हसून म्हणाला, "काका, तुम्ही खजिनदार ना? मग पुढच्या वर्षीच्या खर्चात दोन सेल लिहा."

मी लिहिले आहेत. शिवाय खोलीच्या दारावर त्याच मुलाने मोठ्या अक्षरांत पाटी लावली आहे: 'पिन काढली का?'

जय भीम!