करंट मारणाऱ्या माशाला शेजारी का चालत नाही

दुकानात इलेक्ट्रिक कॅटफिश दिसतो तो बहुधा बोटभर लांबीचा. राखाडी-तपकिरी अंग, त्यावर काळे ठिपके, जाड ओठ, मिशांच्या तीन जोड्या. पाठीवर नेहमीचा काटेरी पर नाही, शेपटीजवळ तेवढा एक मांसल पर. ध्यान अगदी बावळट. ‘लहान आहे, काही करत नाही’ असं ऐकून माणूस तो घरच्या टाकीत ऑस्करच्या जोडीला सोडून देतो. करंट मात्र हा मासा पिल्लू असल्यापासूनच मारतो.

मूळचा हा आफ्रिकेचा. नाईल, नायजर, व्होल्टा या नद्यांत आणि चाड सरोवरात सापडतो. इजिप्तमध्ये सक्कारा इथल्या ती नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यातल्या भित्तिशिल्पांतही तो कोरलेला आहे, म्हणजे माणसाची आणि याची ओळख चार हजार वर्षांहून जुनी. निसर्गात तो एक मीटरच्या पुढे वाढतो. टाकीत एवढा होत नाही, पण फूट-दीड फूट सहज होतो.

याची वीज तयार होते कातडीखाली. स्नायूंपासूनच घडलेलं एक विद्युत-अंग जवळजवळ सगळ्या धडाभोवती गुंडाळलेलं असतं आणि त्यात लाखो चपट्या पेशी असतात. एकेका पेशीचा दाब व्होल्टच्या दहाव्या भागाएवढाच. पण टॉर्चमध्ये सेल एकापुढे एक घालावेत तशा या हजारो पेशी ओळीत असल्यामुळे मोठ्या माशाचा झटका साडेतीनशे व्होल्टपर्यंत जातो. अर्थात, सगळ्या पेशी एकाच क्षणी पेटल्या तरच. त्याची सोयही आहे: शरीराच्या प्रत्येक बाजूच्या अख्ख्या विद्युत-अंगाला हुकूम देणारी चेतापेशी एकच, अवाढव्य. दोन बाजूंना दोन. तिथून इशारा सुटला की सगळं अंग एकदम बोलतं. प्रत्येक स्पंद सेकंदाच्या एक-दोन हजारांशाएवढा, पण तो एकटा येत नाही. स्पंदांची सरबत्ती येते.

आता टाकीतल्या शेजाऱ्याचं काय होतं? झटका बसायला अंगाला अंग लागावं लागत नाही. माशाच्या डोक्यापासून शेपटीपर्यंत पाण्यातून प्रवाह वाहतो आणि टाकीभर पसरतो. नदीत दूर पळता येतं, चार फुटी टाकीत पळून जाणार कुठे? शिवाय यातली खोच अशी, की मासा जितका लांब, तितका त्याच्या तोंडापासून शेपटीपर्यंतचा दाबाचा फरक जास्त. ‘मोठा मासा ठेवला म्हणजे टिकेल’ हा हिशेब त्यामुळे उलटा पडतो. इंचभर टेट्राला वीतभर ऑस्करपेक्षा कमी करंट लागतो. फक्त तो टेट्रा रात्री या कॅटफिशच्या पोटात जातो. लहान चालत नाही ते खाल्लं जातं म्हणून, मोठं चालत नाही ते झटके खातं म्हणून.

दोन इलेक्ट्रिक कॅटफिश एकत्र ठेवावेत, तर तेही नको. एकमेकांच्या झटक्यांना ते फारसे दबत नाहीत, पण जागेवरून चावाचावी करतात. मध्ये भोकांची जाळी लावूनही उपयोग नाही, कारण जिथून पाणी जातं तिथून वीजही जाते. काही महिने सुखाने नांदलेल्या जोड्यांचे किस्से हौशी मंडळी सांगतात. माझं मत विचाराल तर ती मैत्री नव्हे, भरलेलं पोट.

एकट्याला ठेवला तर मात्र हा मासा मस्त जगतो. टाकी लांबीपेक्षा रुंदीला ऐसपैस हवी, कारण शरीर जाडजूड आणि वळायला जागा लागते. तळाला मऊ वाळू, उजेड मंद. लपायला प्लंबरकडचा जाड पीव्हीसी पाइपचा तुकडा पुरतो; दिवसभर तो त्यातच पडून असतो आणि दिवे गेले की मिशा पुढे करून तळ चाचपत निघतो. पाणी २४ ते २८ अंश. हीटरला जाळीचं आवरण हवंच, कारण हा त्याला टेकून झोपतो आणि खवले नसलेली कातडी भाजते. याच कातडीमुळे माशांची औषधंही जपून वापरावी लागतात. खायला गांडुळं, कोळंबी, माशाचे तुकडे. मोठ्याला आठवड्यातून एक-दोनदा पुरे. खादाड आहे, मागेल तितकं दिलं तर बेढब फुगतो.

टाकीत हात घालायचा नाही, एवढं पथ्य घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवावं. धडधाकट माणसाचा जीव या झटक्याने सहसा जात नाही, पण मोठ्या माशाचा दणका हात बधिर करतो आणि दचकून काच फुटू शकते. खाऊ लांब प्लास्टिकच्या चिमट्याने द्यावा. मासा हलवायचा झाला तर जाळीने उचलू नये; तो ज्या पाइपात झोपतो त्याच्या तोंडाशी प्लास्टिकचा डबा धरावा, त्याला त्यात शिरू द्यावं, आणि कोपरापर्यंतचे कोरडे रबरी हातमोजे घालून पाण्यासकट डबा बाहेर काढावा. मोज्याला बारीकसं भोक असेल तर तो न घातल्यासारखाच.