खासबागेतलं कांडी यंत्र

बेळगावच्या खासबागेत आमचं लहानपण मागाच्या खडखडाटात गेलं. वडगाव, शहापूर, खासबाग हा सगळा विणकरांचा पट्टा. घरात माग आणि मागाशेजारी आई कांड्या भरत बसलेली. तिचे खांदे दुखायला लागले, तेव्हा जुन्या भंगारातून मी एक कांडी भरायचं यंत्र जुळवलं.

महिनाभरात ते कुरकुरू लागलं. एका रात्री बेअरिंगमधलं ग्रीस उडून रेशमी सुतावर पडलं. डागाची साडी परत आली आणि तिची मजुरी कापली गेली. आई काही बोलली नाही, तेच जास्त लागलं.

यंत्र उघडलं, तर तीन चुका सापडल्या. पहिली, बेअरिंग उघडं होतं. सुताची कसपटं आत जाऊन ग्रीसचा लगदा झाला होता. दुसरी, शाफ्टवर बसवताना मी बाहेरच्या कड्यावर हातोडी मारली होती, त्यामुळे तो घाव गोळ्यांनी सोसला. तिसरी, पट्टा सतारीच्या तारेसारखा ताणला होता. दुकानातले काका बघताच म्हणाले, ‘‘अरे, एवढं कशाला ताणालास? बेअरिंग बिचारं मरालंय की!’’

या वेळी 6204-2आरएस घेतलं. शेवटच्या 04 ला पाचाने गुणलं की आतलं भोक मिळतं, 20 मिलिमीटर. 2आरएस म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील. कसपटांच्या घरात हेच हवं. शाफ्टवर बसवताना आतल्या कड्याएवढा पाइपचा तुकडा ठेवून हलके ठोके दिले.

मग पट्टा. मोटार मिनिटाला 1440 फेऱ्यांची. तिच्यावर 3 इंची पुली, शाफ्टवर 6 इंची. म्हणजे शाफ्टला साधारण 720 फेऱ्या. ए पट्ट्याला 3 इंचांहून लहान पुली देऊ नये, तो लवकर चिरतो. दोन्ही पुलींच्या मध्यांत 17 इंच अंतर. त्याची दुप्पट 34, अधिक पुलींच्या व्यासांची बेरीज 9 गुणिले 1.57, म्हणजे सुमारे 48 इंच. ही झाली बाहेरची लांबी. पट्ट्यावरचा नंबर आतल्या लांबीचा असतो आणि ए पट्ट्यात ती साधारण 2 इंचांनी कमी भरते. म्हणून ए-46 घेतला. उरलेला फरक मोटारीखालच्या लांब खाचांनी सांभाळला.

दोन्ही पुली एका रेषेत आहेत का, हे बघायला आईनेच सुताचा धागा ताणून धरला. पट्टा मधोमध अंगठ्याने दाबला, पाव इंच दबला, तेवढाच ताण ठेवला.

याच बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 मध्ये सायकलींच्या दुकानापासून सुरुवात केली होती. आमचं यंत्र त्यापुढे काहीच नाही. पण आईचे खांदे आता बरे आहेत, आणि सूत कोरं राहतं.

शेवटी पट्ट्यावर जाळीचं झाकण बसवलं. घरात नातवंडं रांगतात. यंत्र घरी बनवणाऱ्यांनो, झाकण आधी करा, मग बटण दाबा.