वालुकाकणाची कल्हई

तांब्यापितळेच्या भांड्यात ताक कळकू नये म्हणून त्यास कल्हई करण्याची आपली रीत जुनी आहे. परंतु ज्याचा व्यास मिलिमीटरच्या दहाहजाराव्या हिश्श्याइतका, ज्याच्या अंगी पोळ्यासारखी असंख्य छिद्रे, आणि ज्याची कल्हई कथलाची नसून स्निग्धाची, अशा भांड्याचा परिचय करून देतानाही तीच उपमा पुढे सरसावते, त्यास माझा इलाज नाही.

छत्रपती संभाजीनगरास या कल्हईची ओळख 2021 च्या उन्हाळ्यात फार कठोरपणे झाली. करोनापाठोपाठ काळी बुरशी आली, आणि ‘लायपोसोमल’ हा शब्द, त्याचा अर्थ विचारण्याचीही फुरसत नसलेल्या नातलगांच्या तोंडी, घाटी रुग्णालयापासून औषधांच्या दुकानांपर्यंत फिरू लागला. अँफोटेरिसिन-बी हे बुरशीनाशक मूत्रपिंडांस जाचक. तेच स्निग्ध कोषात, म्हणजे लायपोसोमात, घालून दिले म्हणजे जाच पुष्कळ उणावतो. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर यांनी त्याच्या एतद्देशीय रूपावर पूर्वीच काम केले होते.

मात्र नुसता कोष म्हणजे भांड्यावाचून कल्हई: मऊ आणि गळका. त्यास आतून आधार मिळाला तो सिलिकाचा. वेरूळचा काळा पाषाण जवळजवळ निम्मा सिलिकाच. पण हा कण खोदून निघत नाही, तो द्रावणात वाढवावा लागतो. 1968 मध्ये श्टोबर व सहकाऱ्यांनी मद्यार्क, पाणी आणि अमोनिया यांच्या साह्याने एकसारखे गोल कण घडविले. 1992 मध्ये मोबिल कंपनीच्या शास्त्रज्ञांनी साबणासारख्या द्रव्याच्या साच्याभोवती सिलिका जमवून, मागाहून साचा जाळून, सुबक छिद्रे मिळविली. या छिद्रांत औषध मुरवितात. पुढची क्रिया पाहण्याजोगी आहे: स्निग्धाचे पोकळ कोष खारट पाण्यात कणांसह ढवळले की ते कणांस चिकटतात, फुटतात, पसरून एकमेकांत मिळतात, आणि सुमारे 5 नॅनोमीटर जाडीचा दुपदरी लेप आपसूक बसतो. कल्हईवाल्यास भाता आणि नवसागर लागे. येथे ढवळणे पुरते.

औषध वाटेत सांडू न देणे हे लेपाचे एक काम; दुसरे अधिक नाजूक. नागवा सिलिकाकण रक्तात सोडला तर तांबड्या पेशी फुटू शकतात, आणि शरीराचे पहारेकरीही त्यास परका म्हणून धरतात; लेप पेशीच्याच आवरणाच्या जातीचा, म्हणून बावन्न दरवाजांच्या या शहरात दस्तक दाखवून शिरावे तसा कण निभावून जातो. पेशीच्या आत गेल्यावर औषध झिरपते, आणि रिकामे भांडे सावकाश विरघळून सिलिसिक आम्लाच्या रूपाने मूत्रावाटे निघून जाते. न्यू मेक्सिकोतील जेफ्री ब्रिंकर यांच्या चमूने 2011 मध्ये यकृताच्या कर्करोगपेशींवर या युक्तीचा प्रभाव दाखविला; परंतु काचपात्रातील पेशीपासून रुग्णाच्या शिरेपर्यंतचा रस्ता लांबचा, आणि येथील शासकीय कर्करोग रुग्णालयात खेटे घालणाऱ्या मराठवाड्यातील माणसास त्याची आशा आजच दाखविणे मला प्रशस्त वाटत नाही.