टोलचा इजारा : रस्ता सरकारचा, वसुली कंपनीची

मागच्या हंगामात आमच्याकडे ट्रान्सपोर्टचे एक बिल आले. भाडे ठरल्याप्रमाणे होते, पण त्याखाली वेगळी ओळ : ‘टोल ४९५ रुपये’. माल किती, तर इचलकरंजीच्या ग्रे कापडाच्या थोड्या गाठी. मुनीम म्हणाले, ‘शेठ, टोल तर सरकारी आहे, त्यात काय बोलायचे?’ आमच्या बहुतेक व्यापारी बंधूंचाही हाच समज आहे. म्हणून हा टोल कोण घेतो, कोणत्या हक्काने घेतो आणि किती वर्षे घेणार, हे आज नीट पाहू.

आमराईचा सौदा आपल्याला माहीत आहे. झाडावर मोहर असतानाच व्यापारी मालकाला एकरकमी पैसे देतो आणि त्या हंगामाचे फळ आपल्या नावावर करून घेतो. फळ भरपूर आले तर त्याचा नफा, गारपीट झाली तर त्याचे नुकसान. जमीन आणि झाडे मात्र मालकाचीच. रस्त्याचा करार हा असाच इजारा आहे. मुदत संपेपर्यंत कंपनी रस्ता राखते, डांबर-काँक्रीट दुरुस्त करते, क्रेन-ॲम्ब्युलन्स ठेवते आणि टोल घेते. मुदत संपली की रस्ता सरकारच्या हाती परत.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचे उदाहरण घेऊ. सुमारे साडे-चौऱ्याण्णव किलोमीटरचा हा रस्ता महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने बांधला आणि २००२ मध्ये तो पूर्ण खुला झाला. बांधकामाचे कर्ज डोक्यावर होते. २००४ मध्ये महामंडळाने या मार्गाचा आणि जुन्या मुंबई-पुणे रस्त्याचा टोल १५ वर्षांसाठी आयआरबी समूहाच्या कंपनीला दिला आणि ९१८ कोटी रुपये आगाऊ घेतले. ही मुदत ऑगस्ट २०१९ मध्ये संपली. पुन्हा निविदा निघाली आणि मार्च २०२० मध्ये त्याच समूहाने इजारा घेतला, एप्रिल २०३० पर्यंत. या वेळची रक्कम ८,२६२ कोटी. त्यातले ६,५०० कोटी सुरुवातीलाच आणि बाकीचे पुढच्या तीन वर्षांत.

१५ वर्षांचे ९१८ कोटी आणि दहा वर्षांचे ८,२६२ कोटी! रुपयाची किंमत उतरली हे मान्य, पण मुख्य फरक रहदारीचा आणि अंदाजाचा आहे. २००४ मध्ये नवा रस्ता किती चालेल हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नव्हते. २०२० पर्यंत पुणे, चाकण, पिंपरीची गर्दी सर्वांना दिसत होती. ज्याने मोहर पाहून बाग घेतली त्याला स्वस्त पडली, ज्याने लगडलेले आंबे पाहून घेतली त्याला महाग. आता दुसरीकडे पाहा. २०२३ मध्ये हैदराबादचा १५८ किलोमीटरचा बाह्य वर्तुळ मार्ग याच समूहाने ३० वर्षांसाठी ७,३८० कोटींना घेतला. रस्ता लांब, मुदत तिप्पट, तरी रक्कम कमी. इजाऱ्याची किंमत लांबीवर नाही, गाड्यांच्या संख्येवर आणि टोलच्या दरावर ठरते.

धोकाही खरा असतो, हे सांगितलेच पाहिजे. मार्च २०२० मध्ये रस्ता ताब्यात आला आणि त्याच महिन्यात टाळेबंदी लागली. काही आठवडे वसुलीच बंद. अशा आपत्तीसाठी करारात कलमे असतात, पण बँकेचा हप्ता थांबत नाही. म्हणूनच या धंद्यात प्रत्येक रस्त्यासाठी स्वतंत्र कंपनी काढतात. एक पेढी बुडाली तरी दुसरीच्या चोपडीला धक्का लागू नये, एवढाच त्याचा अर्थ.

सगळे करार असे तयार रस्त्याचे नसतात. ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ म्हणजे बीओटी प्रकारात कंपनी स्वतःच्या आणि कर्जाच्या पैशाने रस्ता बांधते आणि मग टोलमधून वसूल करते. भिवंडीकरांना याची ओळख फार आधी झाली. ठाणे-भिवंडी बायपासचे काम नव्वदच्या दशकात याच समूहाने या पद्धतीने घेतले होते.

बीओटी कुठे फसते ते कोल्हापूरने दाखवले. शहरातल्या सुमारे ४९ किलोमीटर रस्त्यांचे काम आयआरबीला ३० वर्षांच्या टोलच्या हक्कावर दिले गेले. ऑक्टोबर २०१३ मध्ये नाके सुरू झाले आणि शहर पेटले. दळण आणायला, दवाखान्यात जायला टोल का, हा लोकांचा सवाल होता, आणि कामाच्या दर्जाबद्दलही तक्रारी होत्या. जानेवारी २०१४ मध्ये नाके जाळले गेले. एन. डी. पाटील, गोविंद पानसरे अशी वडीलधारी मंडळी आंदोलनात पुढे होती. २०१५ च्या अखेरीस सरकारने टोल रद्द केल्याचे जाहीर केले. आमच्या इचलकरंजीच्या मित्रांनी पेढे वाटले. पण करार मोडला की भरपाई द्यावी लागते. सुमारे ४५९ कोटी सरकारी तिजोरीतून कंपनीला गेले. ती तिजोरी तुमच्या-आमच्या कराचीच. आमच्या मते कोल्हापूरकरांचा राग रास्त होता, पण तो सह्या होण्याच्या वेळी दिसायला हवा होता.

काही बंधू विचारतात, या धंद्यात पैसा गुंतवावा का? मे २०१७ मध्ये आयआरबीचा ‘इन्व्हिट’ बाजारात आला, तो देशातला पहिला. त्यातून मिळणाऱ्या वाटपात व्याजाचाही भाग असतो. तेव्हा ज्यांना हा मुद्दा महत्त्वाचा आहे त्यांनी आधी जाणकार आलिमांना विचारावे.

आता आपल्या गल्ल्याकडे येऊ. द्रुतगती मार्गाचा टोल दर तीन वर्षांनी १८ टक्क्यांनी वाढवायचा, हे २००४ पासूनच ठरलेले होते. एप्रिल २०२३ च्या वाढीत मोटारीला २७० चे ३२०, टेम्पोला ४९५, दोन ॲक्सलच्या ट्रकला ६८५ रुपये झाले. समजा, ट्रकमध्ये ५० हजार मीटर ग्रे भरले, तर टोल मीटरला दीड पैसाही पडत नाही. तोच माल टेम्पोत पाच हजार मीटर आणला तर मीटरला जवळजवळ दहा पैसे. दहा पैशांवर आमचे सौदे तुटतात, हे मूळजी जेठा मार्केटमध्ये बसणाऱ्याला सांगायला नको. म्हणजे टोलचा खरा भार मोठ्या पेढीवर नाही, चार यंत्रमाग चालवून थोडा थोडा माल पाठवणाऱ्या कारागिरावर आहे. शिवाय टोलवर जीएसटी नसल्याने त्याचे क्रेडिटही मिळत नाही. तो सरळ खर्चात जातो.

त्या बिलाचे पुढे काय झाले? आम्ही ट्रान्सपोर्टवाल्याकडे फास्टॅगचा उतारा मागितला. आधी कुरकुर केली, मग आणून दिला. टोल एकदाच कापला गेला होता, पण त्या टेम्पोत आणखी दोन व्यापाऱ्यांचा माल होता आणि तिघांच्याही बिलात ४९५ पूर्ण लावले होते. आता आम्ही तिघे मिळून गाडी भरतो आणि भाडे गाठीमागे टोलसह ठरवतो.